यंत्रयुगाच्या उतरणीचे संगीत

संगीत म्हणजे कानाला गोड वाटणाऱ्या स्वरांची रचना, ही समजूत इतकी रूढ आहे की तिला कोणी आव्हान देईल, असे सामान्य रसिकाच्या मनातही येत नाही. परंतु १९७५ नंतरच्या दहा-बारा वर्षांत इंग्लंड, पश्चिम जर्मनी, युगोस्लाव्हिया, ऑस्ट्रेलिया आणि जपान अशा एकमेकांपासून दूरदूरच्या देशांतील काही तरुणांनी हे आव्हान दिले. लोखंडी पत्र्यांवर हातोडे घालून, ड्रिल यंत्रे चालवून, बिघडलेल्या रेडिओची खरखर आणि घरी जुळवलेल्या विद्युत्‌उपकरणांचा आक्रोश एकत्र करून त्यांनी जे ध्वनी निर्माण केले, त्यांना 'औद्योगिक संगीत' असे नाव पडले. ते ऐकणे सुखावह नाही. सुखावह असावे असा त्याच्या कर्त्यांचा दावाही नव्हता. मोठ्या कंपन्या त्याच्या वाटेला फारशा गेल्या नाहीत, सरकारी नभोवाणीवर त्याला क्वचितच जागा मिळाली. घरच्या घरी उतरवून काढलेल्या कॅसेटींच्या रूपाने, टपालाच्या पाकिटातून, ते एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत राहिले. विक्षिप्त पोरांचे खूळ म्हणून त्याची बोळवण करणे सोपे आहे. पण ते ज्या शहरांत आणि ज्या वर्षांत उपजले, ती शहरे व ती वर्षे एकदा डोळ्यांखालून घातली, म्हणजे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही थबकावे लागते.

या नावाचा उगम लंडनचा. 'थ्रॉबिंग ग्रिसल' या चौघांच्या मेळाची स्थापना तेथे १९७५ साली झाली. जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुटी, पीटर ख्रिस्टोफरसन आणि क्रिस कार्टर हे ते चौघे. हॅकनी भागातील मार्टेलो स्ट्रीटवर एका जुन्या कारखान्याच्या तळघरात त्यांची तालमीची जागा होती आणि तिला त्यांनी 'मृत्यूचा कारखाना' असे नाव दिले होते. १९७६ साली त्यांनी 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या समकालीन कला संस्थेत या मंडळींनी भरविलेल्या प्रदर्शनावरून एवढा गहजब झाला की निकोलस फेअरबर्न या खासदाराने त्यांना संस्कृतीचे विध्वंसक ठरविले. पुढच्या वर्षी निघालेल्या त्यांच्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेचे नाव होते 'दुसरा वार्षिक अहवाल', आणि तिच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती निघाल्या अवघ्या ७८५. भागधारकांना पाठवावयाच्या अहवालाच्या थाटात गोंगाट पेश करण्यातला उपरोध कचेरीत बसणाऱ्या कोणाच्याही ध्यानात यावा. हे लोक स्वतःला कलावंत म्हणवून घेण्यापेक्षा एक छोटी पेढी म्हणवून घेणे पसंत करीत होते. आपले जाहीर प्रयोगही ते कॅसेटींवर उतरवून विकत असत. अशा २४ कॅसेटी एका पेटीत घालून त्यांनी विक्रीस ठेवल्या होत्या.

गोंगाटाला कलेत स्थान द्यावे हा विचार मात्र त्यांच्याही आधीचा आहे. इटलीतील लुइजी रुस्सोलो या चित्रकाराने १९१३ साली 'गोंगाटाची कला' या नावाचा जाहीरनामा लिहिला आणि गुरगुरणारी, फुत्कारणारी वाद्ये खोक्यांत बसवून पुढच्या वर्षी मिलानमध्ये ती वाजवूनही दाखविली. रशियन राज्यक्रांतीचा पाचवा वाढदिवस बाकू शहरात ७ नोव्हेंबर १९२२ रोजी साजरा झाला, तो आर्सेनी अव्रामोव्ह याने गिरण्यांचे व जहाजांचे भोंगे, आगगाड्यांच्या शिट्ट्या आणि तोफा यांचा मेळ बसवून. फ्रान्समध्ये पिएर शेफेर याने १९४८ साली आगगाडीच्या ध्वनिमुद्रणातून एक रचना सिद्ध केली. पण या पूर्वसूरींत आणि १९७५ नंतरच्या मंडळींत एक मूलभूत फरक आहे. रुस्सोलो आणि अव्रामोव्ह यांच्या लेखी यंत्राचा आवाज हा उगवतीचा आवाज होता; भविष्यकाळ त्या भोंग्यातून हाक मारीत आहे अशी त्यांची श्रद्धा होती. हॅकनीतील आणि शेफील्डमधील तरुणांना जो आवाज ऐकू येत होता, तो मावळतीचा होता.

शेफील्ड हे पोलादाचे गाव. घडीव पोलादावर पडणाऱ्या यांत्रिक घणांचा आवाज रात्री अंथरुणात पडल्या पडल्या दूरवरून ऐकू येई, असे त्या पिढीतील कलावंतांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. 'कॅबरे व्हॉल्टेअर' हा तेथील त्रिकुटाचा मेळ १९७३ साली सुरू झाला. रिचर्ड कर्क, स्टीफन मॅलिंडर आणि क्रिस वॉटसन यांनी घराच्या माळ्यावर बसून टेप रेकॉर्डरवर फितीचे तुकडे जोडून गोल फिरवीत, एकच ध्वनी पुनःपुन्हा उमटविण्याचे प्रयोग केले. यंत्राचे काम हेच नव्हे काय? तीच क्रिया, त्याच अंतराने, थकवा न येता. फरक एवढाच की त्यांच्या फितीतून वस्तू म्हणून काहीच बाहेर पडत नव्हते. २ जानेवारी १९८० रोजी ब्रिटनच्या सरकारी पोलाद उद्योगातील कामगारांनी संप पुकारला. तो तेरा आठवडे चालला. त्या वर्षी फेब्रुवारीत शेफील्डच्या हॅडफील्ड्स या खाजगी पोलाद कारखान्याच्या फाटकाशी हजारो निदर्शक जमले होते. १९८३ साली तो कारखाना बंद झाला. दरम्यान, जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती.

नेमक्या त्याच महिन्यात, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला, ही गोष्ट मराठी वाचकाला निराळी सांगायला नको. ज्या भोंग्यावर गिरणगावाचे उठणे-निजणे चालत असे, तो भोंगा एकेका गिरणीत कायमचा मिटला. दोन्हीकडचा आर्थिक प्रवाह एकाच जातीचा होता. पण आपल्याकडच्या चाळींतून गोंगाटाचे संगीत निघाले नाही. इथल्या कामगाराच्या पाठीशी शाहिरी होती, भजन होते, पोवाडा होता. आपले दुःख मांडावयास त्याला शब्द सापडत होते. शेफील्डच्या माळ्यावर बसलेल्या मुलांना शब्दांचाच वीट आला होता, असे त्यांच्या फिती ऐकताना वाटते. त्यांत मानवी आवाज येतो तोही पुष्कळदा चिरफाळलेला, यंत्रातून पिळून काढलेला असतो.

येथे एक कडू प्रश्न विचारलाच पाहिजे. कारखान्याचा आवाज ज्यांनी जन्मभर सोसला, त्यांना तो संगीत म्हणून ऐकवता आला असता काय? ग्लासगोच्या टॉमस बार या कर्णरोगतज्ज्ञाने १८८६ साली बॉयलर बनविणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले, तेव्हा त्या धंद्याने माणसाला बहिरे करून टाकल्याचा स्पष्ट पुरावा त्याच्या हाती आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसत म्हणून विणकर बायकांनी ओठांच्या हालचालींवरून बोलण्याची एक स्वतंत्र रीतच बसविली होती. त्यांच्या दृष्टीने गोंगाट ही कला नव्हती, ती पगाराबरोबर पदरी पडणारी दुखापत होती. औद्योगिक संगीताचे बहुतेक कर्ते हे काही भट्टीपुढे उभे राहिलेले कामगार नव्हेत. कोणी कलाशाळेतून आलेला, कोणी जाहिरातीच्या आणि मुखपृष्ठांच्या व्यवसायातला, कोणी दूरचित्रवाणीच्या तांत्रिक कामातला. सिडनीत १९७८ साली सुरू झालेल्या 'एसपीके' या मेळाचा प्रमुख ग्रॅम रेव्हेल हा मनोरुग्णालयात परिचारक होता, हाच काय तो कठोर श्रमाशी जवळचा संबंध. दुसऱ्याच्या बहिरेपणाचे अलंकार करून मिरविणे, असा आरोप या चळवळीवर कोणी केला तर तो सर्वस्वी झटकून टाकता येणार नाही.

परंतु या आरोपाला एक सन्माननीय अपवाद आहे. लंडनच्या न्यू क्रॉस वस्तीत १९८१ साली उभा राहिलेला 'टेस्ट डिपार्टमेंट' हा मेळ भंगाराच्या आवारांतून आणि ओस पडलेल्या कारखान्यांतून उचललेले लोखंड वाजवीत असे. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर ब्रिटनमधील खाणकामगारांचा संप चालला, तेव्हा ही मंडळी संपाच्या निधीसाठी गावोगाव फिरली आणि साउथ वेल्समधील संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर त्यांनी 'खांद्याला खांदा' या अर्थाच्या नावाची ध्वनिमुद्रिका काढली. चर्चमधील प्रार्थनेच्या वळणाने चार-चार आवाजांत गाणारे प्रौढ खाणकामगार आणि शेजारी पत्रे बडविणारे उघडे तरुण, असा तो योग. ज्याच्या श्रमाचा हा ध्वनी, तो मनुष्यच तेथे शेजारी उभा होता. या संगीतप्रकाराच्या इतिहासात इतका प्रामाणिक क्षण दुसरा क्वचितच सापडेल.

बर्लिनची कथा निराळी. भिंतीने वेढलेल्या पश्चिम बर्लिनमध्ये 'आइनस्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन', म्हणजे 'कोसळत्या नव्या इमारती', हा मेळ १ एप्रिल १९८० रोजी प्रथम लोकांपुढे आला. त्यांचा वादक उनरू याने पैशाच्या ओढीमुळे आपले ढोल विकले आणि बांधकामावरचे लोखंड व प्लॅस्टिकचे डबे जवळ केले. दारिद्र्याने सुचविलेली ही युक्ती पुढे शैली म्हणून जगभर गाजली! त्याच वर्षी जूनमध्ये बर्लिनच्या मोटार-महामार्गाच्या एका पुलाच्या पोकळीत शिरून त्यांनी जे वाजविले, ते 'पोलाद-संगीत' या नावाने कॅसेटवर निघाले. पुलावरून धावणाऱ्या गाड्यांचा हादरा त्यात आपोआप सामील झाला होता. जानेवारी १९८४ मध्ये लंडनच्या त्याच समकालीन कला संस्थेत झालेल्या प्रयोगात यंत्रांनी रंगमंचच फोडावयास घेतला, तेव्हा व्यवस्थापकांना मध्ये पडावे लागले. युगोस्लाव्हियात त्र्बॉव्ल्ये या कोळशाच्या खाणींच्या गावी १९८० साली 'लायबाख' हा मेळ निघाला. ल्युब्लियाना शहराचे हे जर्मन नाव. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन अंमलाची आठवण करून देणारे. १९८३ ते १९८७ या काळात त्या शहरात हे नाव वापरण्यास बंदी होती. साम्यवादी राजवटीलाही, भांडवलशाहीप्रमाणेच, आपल्या धुराड्यांचा प्रतिध्वनी ऐकणे रुचले नाही.

या साऱ्या प्रकरणाचा खरा पाया मात्र एका डबीत आहे. फिलिप्स कंपनीच्या लू ओटेन्स या अभियंत्याच्या पथकाने बनविलेली कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि गती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. कंपनीने ही रचना इतर उत्पादकांना विनामूल्य वापरू दिली, आणि म्हणूनच ती जगाचे समान माप बनली. उत्पादनखर्चाच्या सिद्धान्ताला या डबीने जे केले ते पाहण्यासारखे आहे. ध्वनिमुद्रिकेची तबकडी काढावयाची तर आधी मूळ साचा, मग धातूचे ठसे, मग दाबयंत्र. हा सारा स्थिर खर्च काही शेकडा प्रतींवर वाटला गेल्याखेरीज एक प्रतही परवडत नाही. तेव्हा ज्याला शेकडो गिऱ्हाइके नाहीत त्याला तबकडी नाही, हा न्याय होता. कॅसेटने तो मोडला. दोन टेप रेकॉर्डर, एक तार आणि बाजारात मिळणारी साठ मिनिटांची कोरी फीत एवढ्यावर एक प्रत निघते. शंभरावी प्रतही तितक्याच खर्चात निघते. सरासरी खर्च आणि सीमांत खर्च जवळजवळ एकच. माल पडून राहण्याची भीती नाही, कारण मागणीचे पत्र आल्यावर प्रत काढावयाची. झेरॉक्स यंत्रावर वेष्टन छापावयाचे. कित्येकदा तर कोरी फीत आणि परतीच्या टपालाचा खर्च पाठविला की काम भागे. दुसरा एखादा आपलीच फीत मोबदला म्हणून पाठवी, आणि मग पैशाचा संबंधच उरत नसे. पाठ्यपुस्तकात वस्तुविनिमयाला आदिम अवस्था म्हणून एक परिच्छेद देऊन निकालात काढतात. तो विनिमय येथे वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी खंड ओलांडून चालविला होता. टोकियोत मासामी अकिता याने १९७९ पासून 'मर्झबाउ' या नावाने जो गोंगाट रचला, तो असाच, झेरॉक्सच्या वेष्टनांतील कॅसेटींतून परदेशी पोहोचला. जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स याने टाकाऊ वस्तूंनी घर भरून उभारलेल्या रचनेवरून ते नाव घेतलेले.

दर उतरवणीगणिक फितीत सरसर वाढते आणि बारीक स्वर पुसट होतात, हा कॅसेटचा मोठा दोष. सतारीच्या मिंडीचा त्यात घात होतो. पण जेथे मूळ ध्वनीच खरखरीचा आहे, तेथे चौथ्या हातच्या प्रतीतली सरसर ही रचनेचाच भाग होऊन बसते. म्हणजे जे तंत्र सर्वांत स्वस्त, तेच या कलेला सर्वांत सोयीचे ठरले. ब्रिटनच्या ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघटनेने १९८१ साली, घरगुती ध्वनिमुद्रण संगीताचा जीव घेत आहे, अशी जाहिरातबाजी सुरू केली आणि कॅसेटखाली दोन हाडे रेखून चाच्यांचे निशाण बनविले. जे संगीत घरगुती ध्वनिमुद्रणातूनच जन्मले होते, त्याचा विचार या जाहिरातीच्या कर्त्यांना शिवलाही नसावा.

फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ जॅक अताली यांचा गोंगाट आणि संगीताचे अर्थकारण यांवरील ग्रंथ १९७७ साली, म्हणजे 'दुसरा वार्षिक अहवाल' निघाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. पुढे ते अध्यक्ष मित्तराँ यांचे सल्लागार झाले. समाजाच्या अर्थव्यवस्थेत होऊ घातलेले बदल संगीतात आधी ऐकू येतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आणि कंपन्यांनी साच्यातून काढलेल्या संगीताच्या पलीकडे, प्रत्येकाने स्वतःच्या आनंदासाठी रचना करण्याची एक अवस्था येईल, असे त्यांचे भाकीत होते. कॅसेटवाल्या पोरांनी हे भाकीत खरे करून दाखविले असे म्हणण्याचा मोह होतो. तो थोडा आवरलेला बरा. त्यांना अवजारे मिळाली, बाजारही चुकविता आला; पण भाडे भरण्यासाठी नोकरी चुकली नाही.

आपल्याकडे या डबीने दुसरेच घडविले. ग्रामोफोन कंपनीची जवळजवळ असलेली मक्तेदारी कॅसेटने मोडली, दिल्लीत गुलशन कुमार यांनी १९८३ साली सुपर कॅसेट्‌स कंपनी उभारली आणि स्वस्त फितींचा पूर आला. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे यांचा आवाज, भीमगीते, भारुडे, पोवाडे हे सारे जत्रांतून आणि फुटपाथवरून घरोघर गेले. ज्यांना तबकडीच्या बाजारात फारशी जागा नव्हती त्यांना येथेही वाट मिळाली. तिकडच्याप्रमाणे इकडेही कारण एकच: थोड्या प्रतींचा धंदा परवडू लागला.

या संगीताची सर्वांत काळी बाजू अद्याप बाकी आहे. इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सने आपले बोधचिन्ह म्हणून जे छायाचित्र वापरले, ते आउश्वित्झच्या दहनगृहाचे होते. मिलानच्या मॉरिझिओ बियांकी याने १९८१ साली काढलेल्या ध्वनिमुद्रिकेत छळछावण्यांची नावे एकामागून एक रचनांना दिली आहेत. यामागे विचार नव्हता असे नाही. ज्यू लोकांचा संहार हाही एक उद्योगच होता. त्याला आगगाड्यांचे वेळापत्रक होते, हिशेबनीस होते, एर्फुर्टच्या टॉप्फ अँड सन्स या कंपनीने पुरविलेल्या भट्ट्या होत्या. कारखानदारीच्या तर्काची परिसीमा तेथे झाली, हे कोणी कलेतून सांगू पाहिले तर ते ऐकून घ्यावे लागेल. परंतु बोधचिन्ह हे विधान नसते. नावनिशी नसलेल्या पाकिटातून, एका ओळीचेही स्पष्टीकरण न देता, साठ मिनिटांच्या गोंगाटाबरोबर दहनगृहाचे चित्र पाठविणे म्हणजे विचाराची जबाबदारी ऐकणाऱ्यावर ढकलणे होय. अनुकरण करणाऱ्यांनी तेवढाही विचार ठेवला नाही. खुनी, प्रेते आणि गणवेश यांचा वेष्टनांवर नुसता बाजार मांडला. जेथे संपादक नाही, दुकानदार नाही, टीकाकार नाही, तेथे स्वातंत्र्याबरोबर हेही आले. ज्यांची माणसे त्या भट्ट्यांत गेली त्यांच्यापैकी कोणी हे पाकीट उघडले तर त्याला काय वाटेल, हा प्रश्न त्या टपालात सहसा कोणी विचारला नाही. या दोषाला कलास्वातंत्र्याची सबब पुरत नाही.

'थ्रॉबिंग ग्रिसल' १९८१ साली फुटला. पुढे तो काही वर्षे पुन्हा एकत्र आला. ख्रिस्टोफरसन २०१० साली वारले, पी-ऑरिज २०२० साली. कॅबरे व्हॉल्टेअरचे रिचर्ड कर्क २०२१ साली निवर्तले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये लू ओटेन्सही. आपल्या डबीपेक्षा नंतरची कॉम्पॅक्ट डिस्क सरस, असे स्वतः ओटेन्स यांचे मत होते. तरीही गोंगाटाच्या कॅसेटी आजही थोड्या थोड्या प्रतींत निघतात; अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, जेथे मोटार उद्योगाची पडझड झाली, तेथील 'वूल्फ आइज' मेळाच्या मंडळींनी असल्या फिती मोठ्या संख्येने काढल्या. जुन्या फितींची गत मात्र गमतीची आहे. कोऱ्या फितीच्या बदल्यात फुकट मिळालेली ती साठ मिनिटे आता संग्राहकांच्या बाजारात चढ्या भावाने विकली जातात. देवघेव संपली, दुर्मिळता उरली.

शेफील्डमध्ये हॅडफील्ड्सच्या जागेवर १९९० साली मेडोहॉल हे प्रचंड खरेदी-केंद्र उघडले. क्रिस वॉटसन १९८१ सालीच कॅबरे व्हॉल्टेअर सोडून दूरचित्रवाणीत गेले आणि पुढे पक्षी, प्राणी, हिमनद्या यांचे ध्वनी टिपणारे ध्वनिमुद्रक म्हणून त्यांचे नाव झाले. डेव्हिड ॲटनबरो यांच्या निसर्गपटांसाठीही त्यांनी काम केले. २०११ साली त्यांची एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात पक्षी आहेत, वारा आहे. पण मुख्य आवाज आहे तो मेक्सिकोत पॅसिफिकच्या किनाऱ्यापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या एका आगगाडीचा. वॉटसन त्या गाडीत महिनाभर राहिले होते. ती प्रवासी सेवा त्यानंतर बंद पडली.